विश्लेषण : ‘मेरा मीटर कितना हुआ?’ मागावरच्या कामगाराला उत्तर देणारा चॅटबॉट कसा तयार होतो?

भिवंडीतल्या यंत्रमाग कारखान्यात पाळी बदलताना मेहताजींच्या टेबलाभोवती हमखास ऐकू येणारा प्रश्न आहे, ‘मेरा मीटर कितना हुआ?’ मजुरी मीटरवर, पगार पंधरवड्याने आणि हिशेब मेहताजींच्या वहीत. आपला आकडा जाणून घ्यायचा तर कामगाराला टेबलाशी उभे राहावे लागते, तेही मेहताजींना सवड असेल तेव्हा. हाच प्रश्न मोबाइलवर विचारला आणि वहीतला आकडा तिथेच मिळाला तर? एवढेच काम करणारा चॅटबॉट तयार करायला मोठी कंपनी लागत नाही आणि कृत्रिम बुद्धिमत्ताही लागत नाही. पायथनसारख्या संगणकभाषेची जुजबी ओळख असलेला तरुण दोन संध्याकाळी तो उभा करू शकतो. चालत्या कारखान्यात त्यावर कामगाराचा विश्वास बसणे हे मात्र दोन संध्याकाळींचे काम नाही.

प्रश्न नेमका कुठला?

२०११च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या ७ लाख ९ हजार ६६५ होती. शहराची ओळख यंत्रमागांची, आणि त्या मागांवर उभे राहणाऱ्यांत उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण, ओडिशातून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. बारा तासांची पाळी, एका कामगाराकडे चार-सहा, कुठे आठ माग. विणलेले कापड मागावरून उतरते, फोल्डिंगला जाते, तिथे मोजले जाते, खोट असेल तर ती वजा होते आणि मग आकडा वहीत चढतो. विणणे आणि नोंद यांत कधी एक दिवस जातो, कधी दोन. तोवर कामगाराच्या डोक्यात एक अंदाज असतो आणि वहीत दुसराच आकडा. पंधरवड्याअखेरची कुरबुर बहुतेकदा याच फरकावरून होते.

बॉट बांधण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून काढावी लागते : लोक विचारतात काय? आठवडाभर टेबलाशी बसून आलेले प्रश्न टिपले तर यादी लहानच निघते. काल किती मीटर झाले, पंधरवड्याचे एकूण किती, खोट किती कापली, पगार कोणत्या तारखेला. यांतले पहिले तीन प्रश्न वहीतून सुटतात. चौथा शेठच्या हातात असतो. पाचवाही एक हमखास निघेल : ‘लाइट कब आएगी?’ त्याचे उत्तर वहीत नाही, म्हणून बॉटने ते देण्याच्या फंदात पडू नये.

बॉट म्हणजे जादू नव्हे

‘चॅटबॉट’ म्हटले की हल्ली सगळ्यांना चॅटजीपीटी आठवते. पण बॉट ही कल्पना त्याहून कितीतरी जुनी. अमेरिकेतील एमआयटी संस्थेतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६मध्ये ‘एलायझा’ हा कार्यक्रम जगासमोर आणला. समोरच्याच्या वाक्यातला ठरावीक शब्द हेरायचा आणि त्यावर बेतलेला प्रश्न परत फेकायचा, एवढेच तो करी. अर्थ त्याला कळत नव्हता. तरी माणसे त्याच्याशी मन मोकळे करू लागली, हे पाहून वायझेनबॉम स्वतःच अस्वस्थ झाले.

आपल्याकडे लोकांनी प्रत्यक्ष वापरलेले मोठे बॉटही याच साध्या जातीचे आहेत. मार्च २०२०मध्ये केंद्र सरकारने व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू केलेला करोना मदतकक्ष मुंबईच्या ‘हॅप्टिक’ कंपनीने तयार केला होता. पुढच्या वर्षी लाखो लोकांनी लसीकरणाचे प्रमाणपत्र त्याच क्रमांकावरून उतरवून घेतले. मुंबई महापालिकेने जानेवारी २०२२मध्ये आपल्या सेवांसाठी व्हॉट्सअ‍ॅप बॉट आणला. फेब्रुवारी २०२५मध्ये राज्य सरकारने ‘आपले सरकार’मधील सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर देण्यासाठी ‘मेटा’शी करार केला. या प्रकारच्या बॉटचा गाभा म्हणजे यादी दाखवा, निवड घ्या, नोंदवहीत शोधा, उत्तर पाठवा. मागाच्या कारखान्यातला बॉट याच कुळातला, फक्त वही छोटी.

सुरुवात टेलिग्रामवर का?

भिवंडीतला कामगार वापरतो व्हॉट्सअ‍ॅप. तरीही शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी टेलिग्राम सोयीचे. टेलिग्रामने जून २०१५मध्ये आपले दार बॉटसाठी उघडले, आणि तिथे बॉट काढायला पैसे पडत नाहीत, कंपनीची कागदपत्रे लागत नाहीत, कुणाची परवानगीही लागत नाही.

टेलिग्रामवर ‘बॉटफादर’ नावाचा अधिकृत बॉट आहे. त्याला ‘न्यूबॉट’ ही आज्ञा दिली की तो नाव विचारतो, मग युजरनेम. युजरनेम इंग्रजी अक्षरांतच असते आणि त्याच्या शेवटी ‘बॉट’ ही तीन अक्षरे हवीत. ते दिले की बॉटफादर एक ‘टोकन’ देतो : सुरुवातीला काही आकडे, मध्ये विसर्गासारखे चिन्ह, पुढे अक्षरांची लांबलचक माळ. हीच बॉटची किल्ली. ती ज्याच्या हाती, बॉट त्याचा. मग तो मेहताजींच्या नावाने कामगारांना काहीही निरोप पाठवू शकतो. नवशिक्यांची सर्वात महागात पडणारी चूक इथेच होते. टोकन प्रोग्राममध्येच लिहून ठेवतात आणि तो प्रोग्राम इंटरनेटवर सर्वांसाठी खुला टाकतात, किंवा मदत मागताना स्क्रीनशॉट पाठवतात आणि त्यात टोकन दिसते. टोकन वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे. फुटल्याची शंका जरी आली तरी बॉटफादरकडून जुने रद्द करून नवे घ्यावे. मिनिटभराचे काम आहे.

निरोप येतो कसा, जातो कसा?

कामगार बॉटला निरोप पाठवतो तेव्हा तो थेट कारखान्यातल्या संगणकावर येत नाही. टेलिग्रामच्या सर्व्हरवर थांबतो. आपला प्रोग्राम दर थोड्या वेळाने सर्व्हरला विचारतो, ‘काही नवे आले का?’ या विचारण्याला ‘गेट-अपडेट्स’ म्हणतात आणि उत्तर पाठवण्याला ‘सेंड-मेसेज’. पोस्टमन घरी येण्याऐवजी आपणच टपाल कार्यालयात जाऊन टपाल विचारावे, तसा हा प्रकार. दुसरी पद्धत ‘वेबहूक’ची. तिथे सर्व्हर स्वतः निरोप पोहोचवतो, पण त्यासाठी इंटरनेटवर कायम जागा असलेला सुरक्षित पत्ता लागतो. पहिल्या पद्धतीला ऑफिसातला जुना लॅपटॉपही पुरतो.

वीज जाते अशा गावात पहिल्या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. लाइट गेली, लॅपटॉप बंद पडला, तरी कामगारांचे निरोप हरवत नाहीत. टेलिग्राम न उचललेले निरोप २४ तासांपर्यंत सांभाळते. लाइट आली, प्रोग्राम सुरू झाला की साचलेले सगळे प्रश्न एकामागून एक उत्तरे घेऊन जातात.

इथे दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. प्रत्येक निरोपाला सर्व्हर क्रमांक देतो. पुढच्या वेळी विचारताना ‘अमुक क्रमांकापर्यंतचे मिळाले, पुढचे द्या’ असे सांगावे लागते. ते विसरले की बॉट तोच निरोप पुन्हा पुन्हा उचलतो आणि कामगाराच्या फोनवर एकच उत्तर वीस वेळा जाऊन धडकते. दुसरी ठेच म्हणजे तोच प्रोग्राम दोन ठिकाणी चालू राहणे : एक ऑफिसच्या लॅपटॉपवर, दुसरा घरी चाचणीसाठी. टेलिग्राम एका वेळी एकालाच टपाल देते, दुसऱ्याला ‘कॉन्फ्लिक्ट’ची चूक दाखवून परत पाठवते. अनेकांचे तास ‘काल चालत होता, आज का नाही’ यातच जातात आणि कारण निघते घरचा चालू राहिलेला संगणक.

पायथनमध्ये यासाठी तयार लायब्ररी मिळतात, त्यामुळे क्रमांकांची ही उठाठेव लायब्ररीच सांभाळते. उरते ते काम थोडक्यात असे : निरोप आला, पाठवणारा कोण ते पाहिले, त्याचा कामगार क्रमांक काढला, वहीतल्या त्याच्या ओळी गोळा केल्या, बेरीज केली, उत्तर पाठवले. तीस-चाळीस ओळींत मावते. वही म्हणून सुरुवातीला गुगल शीट पुरे : तारीख, पाळी, कामगार क्रमांक, माग, मीटर, खोट आणि नोंद केल्याची वेळ. मेहताजी ती मोबाइलवरूनही भरू शकतात.

समोरचा तोच आहे, हे कशावरून?

दुसऱ्याची कमाई तिसऱ्याला दिसली तर बॉट पहिल्याच आठवड्यात बदनाम होतो. म्हणून प्रोग्रामच्या तीस ओळींपेक्षा हा भाग जास्त विचाराचा.

टेलिग्राम प्रत्येक वापरकर्त्याला एक कायम क्रमांक देते. तो क्रमांक आणि कारखान्यातला कामगार क्रमांक यांची गाठ एकदा मारावी लागते. सोपा मार्ग वाटतो तो फोन नंबर मागण्याचा. बॉट ‘आपला नंबर पाठवा’ असे बटण दाखवू शकतो. पण इथे एक पळवाट आहे. वापरकर्ता बटण न दाबता आपल्या फोनमधल्या दुसऱ्या कुणाचे संपर्क-कार्डही बॉटला पाठवू शकतो. नवखा प्रोग्राम ते कार्ड खरे मानतो आणि समोर रमेशची कमाई सुरेशला दिसते. यावर उपाय असा की कार्डासोबत येणारा वापरकर्ता क्रमांक आणि निरोप पाठवणाऱ्याचा क्रमांक एकच आहे का, हे तपासायचे. जुळला नाही तर नाकारायचे.

याहून साधा आणि कारखान्याच्या रीतीला धरून असलेला मार्ग चिठ्ठीचा. मेहताजी प्रत्येकाला एक सहा आकडी संकेत कागदावर लिहून देतात, कामगार तो बॉटला एकदाच पाठवतो, गाठ बसते आणि संकेत बाद होतो. गावी गेलेला माणूस नवे सिम घेऊन परततो तेव्हा पुन्हा एक चिठ्ठी. त्यात मेहताजींच्या कामात थोडी भर पडते खरी, पण समोरच्याचा चेहरा पाहून दिलेल्या चिठ्ठीइतकी खात्री कुठल्या ओटीपीत नाही.

बॉटला कामगारांच्या ग्रुपमध्ये टाकण्याचा मोह टाळलेला बरा. टेलिग्रामवर ग्रुपमधल्या बॉटला मुळात सगळे निरोप दिसतही नाहीत; आज्ञा आणि त्याला उद्देशून दिलेली उत्तरेच दिसतात. पण त्याचे उत्तर मात्र सगळ्यांना दिसते. शिवाय टेलिग्रामवर बॉटशी होणारे बोलणे दोन टोकांमध्ये कुलूपबंद नसते, ते कंपनीच्या सर्व्हरवर राहते. तेव्हा आधार क्रमांक, बँक खाते असले काही त्यात येऊ देऊ नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतली जाते याची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय हा कायदा सांगतो. भिवंडीत ही तरतूद कागदी नाही. एकाच कारखान्यात हिंदी, उर्दू, तेलुगू, ओडिया आणि मराठी बोलणारे माणूस सापडते.

देवनागरीची गंमत आणि ६४ बाइटची भिंत

भाषेचा प्रश्न तंत्रज्ञानातही आडवा येतो. टेलिग्रामवर तिरकी रेघ देऊन लिहायची आज्ञा फक्त इंग्रजी अक्षरांत, आकड्यांत आणि अधोरेषेत चालते. ‘मीटर’ ही आज्ञा देवनागरीत दिली तर टेलिग्राम ती आज्ञा मानत नाही, साधा मजकूर समजते. मजकूर ओळखायचा म्हटले तर ‘मीटर’, ‘मिटर’, उर्दू लिपीतले मीटर, रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिलेले मीटर, सगळे एकच आहेत हे प्रोग्रामला शिकवावे लागते.

त्यापेक्षा बटणे बरी. बटणावर कोणत्याही भाषेत, कोणत्याही लिपीत लिहिता येते. मात्र बटणामागे एक गुप्त संकेत असतो, बटण दाबल्यावर तोच बॉटकडे येतो, आणि त्याला ६४ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हे धरली जातात. ‘या पंधरवड्याचे एकूण मीटर’ हे सरळसाधे वाक्य घ्या : २१ चिन्हे, म्हणजे ६३ बाइट, अधिक तीन मोकळ्या जागा. झाले ६६. बटण उमटतच नाही, चूक येते, आणि इंग्रजी उदाहरणे पाहून शिकलेल्या मुलाला कारण सापडत नाही. उपाय सोपा आहे. बटणावर मराठी लिहावी, मागच्या संकेतात एखादे छोटे इंग्रजी अक्षर.

आकड्यांच्या बाबतीत पायथन उदार आहे. २७ हा आकडा देवनागरीत लिहा, उर्दूत लिहा किंवा इंग्रजीत, त्याला तो एकच समजतो. तरी शीट भरताना एकच लिपी ठरवून घ्यावी. मिसळ झाली की शीटमधल्या बेरजेचा भरवसा राहत नाही.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय? आकडे बहुतेकांना कळतात, म्हणून उत्तर लहान आणि आकड्यांचे ठेवणे हा पहिला उपाय. दुसरा आवाजाचा. बॉट आवाजी निरोपही पाठवू शकतो. मेहताजींच्याच आवाजात आकडे ध्वनिमुद्रित करून जोडता येतात. इंग्रजीत वीस, तीस, चाळीसपुढे एक ते नऊ जोडले की भागते. हिंदी-मराठीत ‘अठ्ठेचाळीस’ आणि ‘एकोणपन्नास’ यांचे तसे तुकडे पडत नाहीत, म्हणून शून्य ते नव्व्याण्णव सगळे शंभर आकडे एकेक करून म्हणावे लागतात. कंटाळवाणे, पण एकदाच करायचे काम.

उत्तरात काय असावे?

समजा, सहा माग सांभाळणाऱ्या २७ क्रमांकाच्या कामगाराने ‘कालचे मीटर’ हे बटण दाबले. उत्तर असे यावे : ‘सोमवार, रात्रपाळी. माग ११ ते १६. एकूण २१४ मीटर. खोट ३ मीटर. नोंद मंगळवारी सकाळी १० वाजता.’

या उत्तरातला सर्वात मोलाचा भाग शेवटचा. नोंदीची वेळ दिली नाही तर कामगार समजतो की हा आत्ताचा आकडा आहे. फोल्डिंगला पडून असलेला तागा त्यात नसतो, आणि मग ‘मोबाइल झूठ बोलता है’ सुरू होते. नोंदच झाली नसेल तर बॉटने शून्य दाखवू नये. ‘अजून नोंद नाही’ असे म्हणावे. शून्य मीटर आणि नोंद नसणे यांतला फरक प्रोग्राम लिहिणाऱ्याला किरकोळ वाटतो, पण रात्रभर मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला तो किरकोळ नसतो.

प्रत्येक उत्तराखाली एक बटण हवेच : ‘आकडा चुकला आहे.’ ते दाबल्यावर बॉटने वाद घालू नये. तक्रार मेहताजींच्या फोनवर जावी, कामगाराला तक्रारीचा क्रमांक मिळावा आणि निकाल माणसाने द्यावा. आकडा नंतर बदलला तर जुना पुसायचा नाही. नवी ओळ, नवी वेळ, बदलणाऱ्याचे नाव.

बॉट बसवायचा की नाही, हे बहुधा याच मुद्द्यावर ठरते. आजवर हिशेबाची वही एकच होती आणि ती टेबलाच्या खणात होती. बॉट आला की कामगाराच्या फोनमध्ये तारखेसह दुसरी प्रत तयार होते. सोमवारचे २१४ मीटर पगाराच्या दिवशी २०४ झाले तर तो फोन पुढे करतो. भिस्सीत जेवायला बसलेले दहा जण आपापले आकडे ताडून पाहू शकतात. काही शेठना हे नकोसे वाटेल, काही मेहताजींनाही. उलट बाजूही आहे. ‘मी तर २५० काढले होते’ या नुसत्या बोलण्याला मेहताजींकडे आता रोजच्या रोज दिलेले उत्तर असते, आणि तीन दिवसांत तक्रार आली नाही हेही दिसते. नीट वही ठेवणाऱ्या मेहताजींचा यात फायदाच आहे. वहीत घोळ असेल तर बॉट तो झाकत नाही, रोज सकाळी वाटतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेताना

टेलिग्रामवर जमले की खरा वापर व्हॉट्सअ‍ॅपवरच होणार, आणि तिथले नियम वेगळे. मेटाकडे व्यवसायाचे खाते उघडावे लागते, फोन नंबर नोंदवावा लागतो. ‘क्लाउड एपीआय’ ही मेटाची सोय २०२२पासून सर्व व्यवसायांना खुली आहे. चाचणीसाठी मिळणाऱ्या नंबरवरून पाच जणांना निरोप पाठवता येतात, पहिल्या प्रयोगाला तेवढे पुरतात. मात्र इथे टपाल स्वतः जाऊन आणायची सोय नाही. वेबहूकच लागतो, म्हणजे चोवीस तास चालू असलेला सर्व्हर. ऑफिसच्या लॅपटॉपचे दिवस इथे संपतात. बटणे एका निरोपात तीनच, आणि त्यांवरचा मजकूर २० चिन्हांचा. ‘या पंधरवड्याचे एकूण मीटर’ इथेही मावत नाही. जास्त पर्याय हवेत तर दहा ओळींची यादी देता येते.

खर्चाचे गणित बॉटच्या आखणीवर ठरते. कामगाराने आधी निरोप पाठवला की २४ तासांची खिडकी उघडते आणि त्या काळातली साधी उत्तरे मोफत जातात. खिडकी बंद असताना आपणहून निरोप पाठवायचा तर आधी मंजूर करून घेतलेला नमुना वापरावा लागतो आणि त्याचे पैसे पडतात. म्हणजे ‘ज्याला हवे त्याने विचारावे’ अशी रचना जवळजवळ फुकट चालते. ‘रोज सकाळी सगळ्यांना मीटर पाठवू’ म्हटले की दर माणशी, दर दिवशी बिल लागते.

हे टाळण्यासाठी बाजारात स्वस्तातले सॉफ्टवेअर विकले जाते : क्यूआर कोड स्कॅन करा, नेहमीच्याच नंबरवरून हजारो निरोप पाठवा. ते व्हॉट्सअ‍ॅपच्या अटींविरुद्ध आहे. आयटी नियम २०२१नुसार व्हॉट्सअ‍ॅप भारताबाबत दरमहा अहवाल देते आणि त्यात बंद केलेल्या खात्यांचा आकडा दरमहा लाखोंत असतो. ज्या नंबरवर सूतवाले, सायझिंगवाले, दलाल आणि ग्रे कापडाचे व्यापारी वर्षानुवर्षे बोलत आले, तो नंबर दोन पैसे वाचवण्यासाठी पणाला लावणे परवडणारे नाही. बॉटसाठी वेगळे सिम घ्यावे.

एआय जोडावे का?

‘एआय लावून टाकू, सगळे समजेल’ हा सल्ला आता कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. वाक्य समजून घेण्यासाठी त्याचा उपयोग होतो. ‘भैया परसों रात का हिसाब बता दो’ यातून तारीख आणि पाळी काढणे त्याला चांगले जमते. पण मीटरचा आकडा त्याने बनवता कामा नये. तो वहीतूनच यायला हवा. असे भाषामॉडेल ठाऊक नसलेल्या गोष्टीही ठामपणे सांगते, आणि इथे चुकीचा ठाम आकडा म्हणजे थेट मजुरीचा वाद.

बॉटच्या बोलण्याची जबाबदारी कुणाची, यावर कॅनडात निकाल लागलेला आहे. ‘एअर कॅनडा’च्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने एका प्रवाशाला शोकप्रसंगीच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. कंपनीने बचावात मांडले की बॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. ब्रिटिश कोलंबियातील लवादाने फेब्रुवारी २०२४मध्ये ते धुडकावले आणि प्रवाशाला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. तो निकाल भिवंडीला लागू नाही. पण पगाराच्या दिवशी ‘ते मोबाइलने सांगितले, मी नाही’ हे उत्तर कामगार ऐकून घेईल, असे कुठल्याही शेठने समजू नये.

पहिला पंधरवडा

सगळ्या कारखान्यात एकदम बॉट सुरू करण्याऐवजी पाच कामगार निवडावेत : दिवसपाळीचे दोन, रात्रपाळीचे तीन, त्यात एक वाचता न येणारा असावा आणि एक असा, ज्याचे मेहताजींशी नेहमी वाजते. शेवटचा तर हवाच, बॉटमधल्या चुका तोच शोधून काढील. पंधरवडाभर कागदी वही नेहमीसारखी चालू ठेवावी. बॉटला आलेला प्रत्येक न समजलेला निरोप साठवून रोज रात्री वाचावा, कारण पुढचे बटण कोणते हवे हे त्यातूनच कळते. पगाराच्या आदल्या दिवशी वही आणि शीट शेजारी ठेवून पाचही जणांची बेरीज ताडायची. फरक निघाला तर आधी फोल्डिंगच्या टेबलावर जाऊन पाहायचे. तिथे न मोजलेला तागा पडलेला असतो.